अक्षरांची कवायत

आकाराम हवालदार माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आले ते पासपोर्टच्या मापाच्या फोटोसाठी. फौजेतून नुकतेच सुटून आले होते आणि पेन्शनच्या कागदांना फोटो लागत होता. हे चौऱ्याण्णव सालातलं. कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या कडेला माझं दोन खोल्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत फोटो काढायचो, मागच्या खोलीत लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी तयार करायचो. फोटो काढून झाला तरी हवालदार जाईनात. मागच्या खोलीतल्या टीव्हीवर एका लग्नाची कॅसेट चालू होती आणि नवरा-नवरीची नावं नुकतीच आली होती. ते उंबऱ्यात उभे राहून बघत होते.

"आप्पा, नावं कुनी केली ही?"

"मीच," मी म्हणालो.

"अक्षर झ्याक हाय. पर मुडद्यागत उभी हायती."

मला राग आला नाही. खरं तर मलाही तसंच वाटायचं. त्या वेळी मी काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगानं नावं लिहायचो, पुठ्ठा भिंतीला टेकवायचो, कॅमेरा चालू करायचो आणि मनात दहा आकडे मोजायचो. झालं टायटल. गिऱ्हाइकांनी कधी तक्रार केली नव्हती आणि कधी कौतुकही केलं नव्हतं.

हवालदारांची फौजेत वीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सात त्यांनी बेळगावला रंगरुटांना कवायत शिकवण्यात घालवली. गाव त्यांचं वडूजच्या पलीकडं. तिथली कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ बघत होता, म्हणून त्यांनी कराडात खोली घेतली होती आणि आता काय करावं याचा विचार करत होते. उंची सहा फूट, मिशा काळ्याभोर, आवाज असा की फोटोच्या वेळी "तयार" म्हणाले तर मीच दचकलो. अशा माणसाला नाजूक अक्षरांचा नाद लागेल असं त्यांच्याकडं बघून कोणालाही वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. हातात भाड्यानं आणलेली एका इंग्रजी सिनेमाची कॅसेट होती.

"आप्पा, पहिली तीन मिनटं लावा. फुडचं नको."

मी लावली. सिनेमाचं नाव अंधारातून सरकत आलं, थांबलं, वळलं आणि गेलं. "परत," हवालदार म्हणाले. मी परत लावली. दुपारपर्यंत आम्ही ती तीन मिनिटं किती वेळा बघितली ते मला आठवत नाही. पुढं पुढं हा रोजचाच प्रकार झाला. त्यांनी शेकडो कॅसेटी आणल्या असतील, पण एकही सिनेमा पुरा बघितला नाही. कॅसेट लायब्ररीवाला त्यांना मुद्दाम विचारायचा, "काय हवालदार, गोष्ट कशी हाय?"

"गोष्ट ठावं न्हाई," हे म्हणायचे. "नाव चांगलं चालतंय."

एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांचं माझ्याकडचं शिक्षण तेवढंच. पुढची रीत त्यांनी स्वतः काढली. टीव्हीच्या काचेवर ते प्लास्टिकचा पारदर्शक कागद चिकटवायचे. कॅसेट थांबवायची, स्केचपेननं अक्षराची कड गिरवायची, कागद काढून त्यावर नंबर घालायचा, कॅसेट एक चित्र पुढं सरकवायची आणि नवा कागद लावायचा. तीन सेकंदांच्या नावाला पंचाहत्तर कागद. मग ते कागद एकावर एक ठेवून, फूटपट्टी लावून, अक्षर प्रत्येक चित्राला किती सरकलं ते वहीत लिहायचे. त्या वहीत असं असायचं: पहिलं अक्षर, तेज चल, चौदा चित्रं. थम, वीस चित्रं. दाहिने मुड, नऊ चित्रं.

एकदा त्यांनी मला पाठीमागून हाक मारली. आवाजात असा आनंद की मी रंगाचा ब्रश तसाच टाकून गेलो.

"आप्पा, हे बघा. निघताना लांब टांगा टाकतंय. थांबायचं आलं की टांगा आखूड, आखूड, आखूड. मग थम. व्हय का न्हाई?"

"होय."

"रंगरूट असं करत न्हाई. रंगरूट धाडदिशी थांबतंय आणि फुडच्याच्या पाठीवर आदळतंय. ह्यो शिकलेला जवान हाय." ते त्या कागदांकडं एखाद्या चांगल्या पलटणीकडं बघावं तसं बघत राहिले.

वर्षभरानं त्यांनी फौजेतून मिळालेल्या पैशातून कॉम्प्युटर घेतला. तो ठेवायला मी माझ्या मागच्या खोलीत जागा दिली. सांगलीच्या माणसानं येऊन तो जोडून दिला, चित्रं हलवायचा एक प्रोग्रॅम घालून दिला, इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक दिलं आणि तो गेला. फौजेतलं इंग्रजी आणि डिक्शनरी यांच्या जोरावर हवालदारांनी ते पुस्तक चार महिने वाचलं. वाचता वाचता तेच पहिलं सिनेमाचं नाव ते पुन्हा करून बघत होते. दोन टीव्ही शेजारी शेजारी ठेवायचे, एकावर सिनेमातलं नाव, दुसऱ्यावर यांचं. दोन्ही एकदम सोडायची. पहिल्या वेळी यांचं नाव अर्धं आलं तोवर सिनेमातलं निघून गेलं होतं. पाचव्या-सहाव्या वेळी दोन्ही बरोबर आली, बरोबर थांबली, बरोबर वळली. हवालदार खुर्चीवरून उठले, दोन्ही टीव्हींसमोर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "आराम से." मग आम्ही चहा प्यायलो.

मराठी नावांची अडचण वेगळीच निघाली. तो कॉम्प्युटर मराठी जाणत नव्हता, म्हणून हवालदार प्रत्येक अक्षर चित्रासारखं काढायचे. पण इंग्रजी अक्षरं सुटी सुटी येतात, तशी मराठी आणली की डोक्यावरची रेघ तुटायची. पडकं कुंपण दिसायचं. आठ दिवस ते तिथंच अडून होते. मग एका सकाळी आल्या आल्या म्हणाले, "आप्पा, परेडीत आधी जवान उभे ऱ्हात्यात. मग 'दाहिने सज' म्हणलं की लाइन सरळ हुती. आपुन रेघ शेवटाला आणू." अक्षरं आधी बिनरेघेची आली, एकेक करून जागेवर उभी राहिली, आणि मग डावीकडून उजवीकडं रेघ सरसर ओढली गेली. मला ते इतकं आवडलं की मी लागोपाठ तीनदा चालवून बघितलं.

त्यांचा दुसरा अभ्यास चालायचा कराडच्या स्टँडामागं, नाथाजीच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात. तिथं पाच-सहा मशिनी होत्या. कोणी खेळत नसेल तेव्हा मशीन आपल्या आपण खेळाचं नाव दाखवत राहते. हवालदारांना तेच हवं असायचं. ते मशिनीसमोर वही घेऊन उभे राहायचे आणि नाणं टाकायला आलेल्या कॉलेजच्या मुलांना म्हणायचे, "जरा थांबा रं. नाव येऊ द्या."

"मामा, खेळा की तुमीच," मुलं म्हणायची.

"खेळत न्हाई. बघतोय."

"बघायला काय हाय त्यात?"

"अक्षर वरनं पडतंय. पडल्यावर जरा चेपतंय, मग उसळतंय, मग बसतंय. म्हंजे त्याला वजन हाय. गड्या, अक्षराला वजन असतंय, हे तुला ठावं हुतं का?"

नाथाजी वैतागायचा. "हवालदार, तुमच्यापायी माझी मशीन दिसभर नुसती नावंच दावती," असं म्हणायचा. पण त्यांच्यासाठी त्यानं एक स्टूल आणून ठेवलं होतं, हेही खरं.

शहाण्णवच्या लगीनसराईत आमच्या स्टुडिओची नावं गाजली. लोक लग्नाच्या आधी महिनाभर येऊन सांगायचे, नावं हवालदारांच्याच हातची पाहिजेत. कोणी म्हणायचं अमक्या सिनेमासारखं करा, कोणी तमक्यासारखं. हवालदारांकडं सगळ्याची वही तयार असायची. रेघेची ती युक्ती सोडली तर स्वतःचं असं काही त्यांनी तोवर केलं नव्हतं, आणि करायला हवं असं त्यांना वाटतही नव्हतं. जे चांगलं आहे ते हुबेहूब करता येणं हाच त्यांचा अभिमान होता. कवायत शिकवणाऱ्या माणसाचं ते बरोबरच होतं, असं मला वाटतं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात वडूजच्या अर्जुनाच्या मुलीचं लग्न होतं. अर्जुना हा हवालदारांचा पलटणीतला सोबती. मुलगी संयोगिता, आष्ट्याच्या साईराजला दिली होती. साईराजचं घर ऊसबागायतदाराचं, वडील वारलेले, सगळा कारभार आई अंजनाबाईंच्या हातात. आम्ही लग्नाला गेलो, मी शूटिंग केलं. परत येताना हवालदार म्हणाले, "अर्जुनाच्या पोरीला आपल्याकडचं सगळ्यात भारी द्यायचं."

सगळ्यात भारी म्हणजे काचेचं. एका इंग्रजी मारामारीच्या सिनेमात नाव काचेवर येतं, काच तडकते आणि अक्षरांचे तुकडे होऊन बघणाऱ्याच्या अंगावर येतात. हवालदारांनी आदल्या हिवाळ्यात त्यावर तीन महिने घालवले होते. एकशे बारा तुकडे, प्रत्येकाची वाट वेगळी, प्रत्येकाचं वळण वेगळं. तो त्यांच्या आजवरच्या अभ्यासाचा कळस होता. त्यांनी त्यात नावं घातली, 'साईराज' आणि 'संयोगिता', आणि मला बघायला बोलावलं.

नावं आली. काच तडकली. नावं फुटली.

मला आत कुठंतरी टोचलं. लग्नाच्या घरात आपण काकणसुद्धा फुटलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. पण हवालदारांचा चेहरा असा खुललेला होता की ते सांगवेना. वाटलं, आपण पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिणारे, आपल्याला यातलं काय कळतं. मी "छान झालंय" म्हणालो. कॅसेटी गेल्या, एक वडूजला, एक आष्ट्याला.

श्रावणात, पंचमी होऊन दहा दिवस झाल्यावर, अर्जुना स्टुडिओत आला. आखाडात नवी सून माहेरी जाते, तशी संयोगिता वडूजला आली होती. आखाड सरला, पंचमी झाली, तरी आष्ट्याहून तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. अर्जुना चहा घेईना. बसेना.

"आकाराम," तो म्हणाला, "पोरगी आखाडाला हिकडं आली, मागनं तिकडं समदी भावकी जमवून कॅसेट लावली. नावं फुटली तशी म्हातारी उठून आत गेली. तिसऱ्या दिशी जावईबापूंची मोटरसायकल घसरली, पाय मोडला. आता ती म्हणती, सून घरात आनायची न्हाई, नावं फुटल्यात. वरीसभर तरी न्हाई."

"आणि वरीस झाल्यावर?"

"वरीस झाल्यावर काय, लोकं आत्ताच सोडचिठ्ठीचं बोलत्यात." त्यानं टोपी काढली आणि हातात फिरवत राहिला. "पोरगी मला काय म्हणत न्हाई. पर रोज स्टँडावरनं वडापची जीप आली की दारात जाती."

हवालदार उठले. "आप्पा, उद्या आष्ट्याला चला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. अंजनाबाई सोप्यात बसल्या होत्या, साठीच्या, हडकुळ्या, डोक्यावरून पदर. साईराज कॉटवर, पायाला प्लास्टर. आम्हाला बघून त्यानं उठायचं केलं आणि मग आईकडं बघून तसाच राहिला.

हवालदार बसले नाहीत. सरळ उभे राहून म्हणाले, "आवं काकी, नावं मी केली. चूक माझी. पोरीची न्हाई."

"तुमी फौजी मानूस," अंजनाबाई म्हणाल्या. "भरल्या भावकीत नाव फोडून दावलंसा. काय वाटलं न्हाई तुमाला?"

"मला त्यातली कारागिरीच दिसली. नाव दिसलं न्हाई."

त्या जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिल्या. खोटं बोलेल असा माणूस नाही हे त्यांना कळलं असावं. आवाज थोडा उतरला. "ह्याचा बा असाच मोटरसायकलवर गेला. मला भ्या वाटतंय हो. लोकं म्हणतील म्हातारी खुळी हाय. म्हणू देत."

"मी नवीन करून आणतो."

"फुटलेलं जुळत न्हाई."

"आणल्यावर बघा. मग सांगा."

"बगीन," त्या म्हणाल्या. "च्या घ्या."

परत येताना गाडी इस्लामपूरला थांबली. हवालदार म्हणाले, "सोप्पं हाय. उलटं चालवायचं. तुकडे येऊन जुळतील."

त्यांनी दोन दिवसांत ते केलं. अंधारातून एकशे बारा तुकडे उडत आले, एकमेकांत बसले, तडा मिटला आणि नावं अखंड उभी राहिली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी मी गप्प बसलो नाही. आधी गप्प बसलो होतो त्याचं फळ वडूजच्या दारात उभं होतं.

"हवालदार," मी म्हणालो, "ह्यात आधी फुटलेलं दिसतं. जुळतं ते नंतर. अंजनाबाईंना फुटलेलंच दिसणार."

त्यांनी ते एकदा परत चालवून बघितलं. "व्हय," म्हणाले, आणि ते काम बाजूला ठेवलं.

मग त्यांनी सगळ्या वह्या काढल्या. नाव फुटणार नाही, जळणार नाही, विरणार नाही, पुसलं जाणार नाही असं एकतरी टायटल त्यांना हवं होतं. तीन दिवस शोधलं. नव्हतं. "आप्पा, सिनेमातली समदी नावं जायाचीच असत्यात," ते म्हणाले. "नाव जाईल तवाच गोष्ट सुरू हुती. आपल्याला ऱ्हाणारं नाव पाहिजे. ते कुनी केलंच न्हाई, मग मी बघून काय करू?" एवढा मोठा माणूस, पण त्या दिवशी खुर्चीत पार लहान दिसला.

मला त्यांना मदत करायची होती, आणि मला येत होतं ते एकच. मी त्या लग्नाच्या मूळ कॅसेटी काढून पहिल्यापासून बघायला लागलो, गिऱ्हाइकाला दिलेल्या नव्हे, तर न कापलेल्या. त्यात एक तुकडा सापडला. लग्नानंतर नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नाव लिहितो, तो विधी. मी बौद्ध. आमच्याकडं लग्नात तांदूळ नसतात, फुलं असतात. त्यामुळं या विधीचं मला विशेष काही वाटलं नव्हतं. शिवाय मधे कोणाचा तरी कोपर आला होता, म्हणून मी तो सगळा तुकडा कापून टाकला होता. आता आवाज मोठा करून ऐकला. साईराज विचारत होता, "आई, नवीन नाव काय लिव्हू?" आणि मागून अंजनाबाईंचा आवाज आला, "नवीन कशापायी? तिचंच लिव्ह. ग्वाड हाय."

मी हवालदारांना बोलावलं. त्यांनी तो तुकडा चार वेळा बघितला. मग बाजारात जाऊन पितळी परात आणि दोन किलो तांदूळ घेऊन आले.

परात जमिनीवर, कॅमेरा वरून खाली बघणारा, कॅमेऱ्याची तार कॉम्प्युटरला. परातीत तांदूळ सारखे पसरायचे, अंगठीनं नखभर रेघ ओढायची, हात बाजूला घ्यायचा, कॉम्प्युटरचं बटण दाबून एक चित्र घ्यायचं. परत नखभर रेघ. सगळी चित्रं एकापाठोपाठ सोडली की नाव आपल्या आपण लिहिलं जातंय असं दिसायचं. पण हात कुठं वेगानं जातो, कुठं रेंगाळतो, हे आता कुठल्या सिनेमातून मोजून घ्यायचं नव्हतं. हवालदार वाकून, श्वास धरून बसायचे. दोन वेळा सगळं मोडून पुन्हा पसरलं, कारण अक्षर फारच शिस्तीत येत होतं. "नवरा मानूस असं लिव्हत न्हाई," ते म्हणाले. "त्याचा हात कापत असतोय."

तिसऱ्या वेळी, 'साईराज' होऊन 'संयोगिता'तला 'ग' चालू असताना, उघड्या दारातून एक चिमणी आली. परातीच्या काठावर बसली. मी हुसकायला हात उचलला, तर हवालदारांनी नुसत्या डोळ्यांनी मला थांबवलं आणि बटण दाबलं. चिमणी पुढं सरकली, बटण. तिनं एक दाणा उचलला, बटण. उडून गेली, बटण. मग ते काहीच झालं नाही अशा थाटात पुढचं अक्षर काढायला लागले.

"हवालदार, हे काढून टाका," मी म्हणालो. "नाव खाल्लं म्हणतील. एकदा पोळलंय."

"दाणा खाल्ला. नाव न्हाई खाल्लं."

"पण अंजनाबाई—"

"आप्पा, आजपातूर मी केलं ते समदं दुसऱ्याचं हुतं. ही एक चिमणी तेवढी माझी हाय. ती ऱ्हाऊ दे."

मला पटलं नव्हतं. मी तसं बोललोही. पण काम त्यांचं होतं.

चिमणीची ती चार चित्रं त्यांनी एकेक करून थोडा थोडा वेळ थांबवून ठेवली, म्हणजे ती डोळ्याला दिसावी. नाव पुरं झालं की ते जात नव्हतं. तांदळातलं नाव तसंच राहायचं आणि त्याच जागी लग्नातलं खरं ताट यायचं, अंगठी धरलेला साईराजचा हात यायचा, तो कोपर यायचा, आणि मग अंजनाबाईंचा आवाज.

गौरीच्या आधी आम्ही कॅसेट घेऊन आष्ट्याला गेलो. अंजनाबाईंनी भावकीतल्या दोन बायकांना बोलावून घेतलं होतं. नावं पुन्हा फुटली तर साक्षीला असाव्यात म्हणून असेल. साईराजनं कॉटवरूनच रिमोट धरला.

तांदूळ आले. रेघ उमटत गेली. 'साईराज' झालं. 'संयोगिता' अर्धं झालं आणि चिमणी आली. मी जमिनीकडं बघायला लागलो. एक बाई "अगं बाई, खाल्लं की" असं म्हणाली. ते मी ऐकलं.

अंजनाबाई म्हणाल्या, "खाऊ दे गं. लग्नाचे तांदूळ हायती, पाखरानं न्हाई खायचे तर कुनी?"

मग नाव पुरं झालं, ताट आलं आणि त्यांचाच आवाज खोलीत आला. "नवीन कशापायी? तिचंच लिव्ह. ग्वाड हाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. दुसरी बाई म्हणाली, "आक्का, तुमीच की हो ह्या." साईराजनं विचारलं, "आई, परत लावू?"

"लाव."

परत लावली. नंतर तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांनी हवालदारांना चूक दाखवली. "साईराजचं नाव जरा खाली गेलंय. तिचं वर हाय."

"हात कापला, काकी."

"असू दे. आतापास्नं सवय लागंल त्याला." बायका हसल्या. साईराज भिंतीकडं बघायला लागला, पण त्याचे कान लाल झालेले मी बघितले.

आम्ही उठलो तेव्हा मी धीर करून विचारलं, "अर्जुनाला काय सांगू?"

"काय सांगू नगा," अंजनाबाई म्हणाल्या. "पोरगा असा पडलाय, दीर न्हाई, सुनंला आणायला मूळ म्हणून जायला घरात मानूस न्हाई." त्या हवालदारांकडं वळल्या. "तुमीच जावा वडूजला. तुमी घालवली, तुमीच आणा."

हवालदारांनी टाचेला टाच जुळवली. फौजेतून येऊन तीन वर्षं झाली होती, पण ती अजून तशीच वाजली.

चौथ्या दिवशी दुपारी मी कराडच्या स्टँडवर गेलो. वडूजहून येणारी गाडी तिथं बदलायची असते. हवालदार इस्त्रीच्या कपड्यांत, डोक्यावर फेटा, एका हातात तिची पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात शिदोरीची पाटी, आणि चालणं असं की पाठीमागची संयोगिता अर्धी पळतच येत होती. मी त्यांना चहा आणून दिला. आष्ट्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर संयोगिता माझ्याशी दोन शब्द बोलली, घरचं विचारलं, मग हवालदारांकडं वळली.

"मामा, एक विचारू?"

"इचार की."

"ते पैलं, फुटलेलं. आमच्या घरी आबांनी बघूच दिलं न्हाई कुनाला. लय भारी हुतं म्हणं. ठेवलंय का पुसलं?"

हवालदारांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग कपातल्या चहाकडं.

"ठेवलंय," ते म्हणाले. "एकशे बारा तुकडे हायती. पुसवंना."

"मला दावाल?"

"दावीन. पर सासूबरोबर येऊ नगंस."

गाडी लागली. हवालदारांनी पेटी टपावर देऊ दिली नाही, आत घेतली. खिडकीतून त्यांची मिशी आणि तिचा हिरवा चुडा दिसत होता, आणि हवालदार हातवारे करून तिला काहीतरी सांगत होते. गाडी हलेपर्यंत मी उभा होतो. ऐकू काही येत नव्हतं, पण बोटं बघून कळत होतं, कुठला तुकडा कुठून निघतो आणि कुठं जाऊन पडतो ते.